बरकत सोडून एक गॅलन

श्रीरामपूर,
नाताळ उरकून थर्टीफर्स्ट यायच्या मधली एक दुपार

प्रिय बहीण मोनिका हिला काशिफभाईचा सलाम. (तुमच्या ख्रिस्ती घरांतही सलाम करतात, आमच्यातही करतात, त्यामुळे एकाच सलामात दोन्हीकडचं भागतं. आपल्या गल्लीत ही सोय पहिल्यापासून आहे.) आम्ही इकडे सगळे ठीक. अब्बांचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, पण तोंड थांबत नाही, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज. शबनमनं तुला दुवा सांगितलीय आणि केस फार कापू नकोस असंही सांगितलंय, तिनं तुझा फोटो बघितला. तुझ्या नवऱ्यालाही सलाम. त्याचं नाव मला नीट लिहिता येत नाही, म्हणून नुसतं 'दाजी' लिहितो. त्याचा अर्थ तू त्याला चांगल्या मूडमध्ये असताना सांग. तुमच्या अमेरिकेत थंडी फार असेल. पाय गरम ठेवत जा, डोकं आपोआप ताळ्यावर राहतं, असं अब्बा म्हणतात.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, तुझा जीव टांगणीला नको. तू सांगितलेला केक मी केला, नाताळच्या आदल्या दिवशी तुझ्या आईच्या घरी नेला, तुझं नाव सांगूनच दिला, आणि बाईंनी (तुझी आई मला अजून चौथीतल्या बाईच वाटते) तो खाल्ला. संपलं. एवढं वाचून तू फोन खाली ठेवून कामाला लागलीस तरी माझी हरकत नाही. उलट बरंच होईल. पण तू 'केक कसा झाला' म्हणून ढीगभर प्रश्नचिन्हं पाठवली आहेस आणि त्याचं उत्तर अंगठ्यानं टाईप करण्यासारखं नाही. बोलून रेकॉर्ड करावं तर दुकानात अब्बा असतात, ते मध्ये तोंड घालून स्वतःची बाजू रेकॉर्ड करतात. म्हणून खारी बांधायच्या कागदावर लिहायला घेतलंय. पानांचे फोटो काढून पाठवीन. तेलाचा डाग असेल तिथं अंदाजानं वाच. (अंदाज हा शब्द तुझ्यासमोर काढायची आता मला भीती वाटते. का, ते पुढं येईलच.) मी हे गल्ल्यापाशी उभ्यानं लिहितोय, कारण चार दिवस झाले मला एका जागी बसवतच नाही. बसलो की वाटतं, मोनिकाला सांगायचं राहिलंय. उठलो की वाटतं, कशाला सांगायचं.

तुला माहीतच आहे, आपल्या गावात डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या भट्टीचं बोर्डाचं वर्ष. सगळी ख्रिस्ती घरं आपापलं सामान घेऊन येतात. कुणी मैदा, तूप, साखर देऊन नानकटाई भाजून नेतं, कुणी घरीच केकचं मिश्रण कालवून डब्यासकट आणतं, आम्ही फक्त भाजायचं. डब्यांवर खडूनं नावं. मग खडू भट्टीत पुसला जातो, साळव्यांचा केक गायकवाडांकडे जातो, गायकवाडांचा साळव्यांकडे, आणि आलेला आपल्यापेक्षा बरा निघाला म्हणून दोघंही गप्प बसतात. या सगळ्यात बाईंचा डबा पहिला असायचा. तुझ्या लग्नाचं त्यांना फोनवर कळलं (झाल्यावर कळलं, हे त्यांचं म्हणणं. आधी सांगितलं असतं तर होऊ दिलं नसतं, हे तुझं म्हणणं. मी दोघींच्या मध्ये पडत नाही, मी बेकरीवाला आहे), त्या नाताळपासून डबा यायचा बंद झाला. बाई चर्चला जातात, करंज्या करतात, भगिनी मंडळाला चहा पाजतात. केक नाही. तुझं नावही नाही. कुणी 'मोनिका कशी आहे' विचारलं की बाई यंदा कांद्याचं काय होणार यावर बोलायला लागतात.

त्यामुळे तू जेव्हा लिहिलंस की, काशिफभाई, माझ्या हातचा नाही तर निदान माझ्या मापाचा केक आईच्या तोंडी जाऊ दे, तेव्हा मला आतून गलबलून आलं. मी शबनमला म्हणालो, बाकी सगळ्या गावाच्या नानकटाया करपल्या तरी चालतील, हा केक बिघडता कामा नये. बाईंनी एक घास खाल्ला तर दार किलकिलं होईल. नाही खाल्ला तर पुढच्या वर्षी मोनिका विचारणारही नाही. शबनम म्हणाली, तुम्ही एवढं बोललात म्हणजे नक्की काहीतरी घोळ होणार. बायकोची जीभ काळी नसते, पण नवऱ्याची नस ओळखणारी असते.

मग तुझी रेसिपी आली. तुमच्या तिकडच्या चर्चच्या स्वयंपाकघरातली, अख्ख्या मंडळीला पुरणारी. एक गॅलन मैदा. अडीच क्वार्ट साखर. एक क्वार्ट आणि वर एक कप लोणी. तीन पाइंट ताक. दोन औंस व्हॅनिला. वाचून मला कळेना, केक करायचाय की ट्रकचं ऑईल बदलायचंय. आणि लोणी कपानं मोजायचं म्हणजे काय? दाबून भरायचं की वरवर ठेवायचं? आम्ही मैदा पोत्यानं आणतो आणि काट्यावर तोलतो. काटा किलो सांगतो, तुझी यादी लिटर मागते. एक लिटर मैदा म्हणजे किती किलो, असं फोनला विचारलं तर त्यानं मलाच उलटं विचारलं, चाळलेला की न चाळलेला, मोकळा की दाबलेला. म्हणून काटा बाजूला ठेवला आणि घरातलं जुनं ॲल्युमिनियमचं लिटरचं दुधाचं माप काढलं. रेसिपीच्या खाली तू ठसठशीत लिहिलं होतंस की, काशिफभाई, तुमचा अंदाज अजिबात नको, माप म्हणजे माप. आता माझ्या अंदाजावर अर्धा तालुका रोज चहात खारी बुडवतो, पण ठीक आहे. बहिणीचा शब्द. मी अंदाजाला कुलूप घातलं.

आपल्याला बाईंनी चौथीत काय शिकवलं होतं? मोठ्यातून लहानात जाताना गुणायचं, लहानातून मोठ्यात येताना भागायचं, सगळं दहाच्या पटीत, टिंब सरकवलं की काम झालं. तुमच्याकडे टिंब सरकवून काहीच होत नाही. चार क्वार्टांचा गॅलन, दोन पाइंटांचा क्वार्ट, दोन कपांचा पाइंट, आठ औंसांचा कप. हे कोष्टक नाही, भाऊबंदकीतली वाटणी आहे. त्यात औंस दोन प्रकारचे, एक वजनाचा आणि एक पातळ पदार्थाचा. पाइंटही दोन, इंग्रजांचा मोठा, तुमचा लहान. आणि कप? एका ठिकाणी दोनशे सदतीस मिलिलिटर, दुसऱ्या ठिकाणी दोनशे चाळीस, तिसऱ्या ठिकाणी सरळ अडीचशे. ज्यांना स्वतःचा कप केवढा ते नक्की ठाऊक नाही, त्यांच्याकडे राहून तू माझ्या अंदाजाला नावं ठेवतेस, हे मी फक्त नोंदवून ठेवतो, भांडत नाही. तरी मी चिकाटी सोडली नाही. ताक एक लिटर चारशे वीस, साखर दोन लिटर तीनशे साठ, लोणी एक लिटर एकशे ऐंशी, असं सगळं पावाच्या कागदावर मांडलं. इथपर्यंत मी बरोबर होतो. बाईंनी नंतर स्वतः तपासलं, बरोबर म्हणाल्या.

(थांब. पाववाला सायकल घेऊन आलाय, त्याला लाद्या मोजून देतो.)

आलो. तर गॅलनपाशी घोडं पेंड खायला लागलं. फोन म्हणाला, तीन लिटर सातशे पंच्याऐंशी. मी लिहिणार तेवढ्यात मागून अब्बा म्हणाले की गॅलन साडेचार लिटरचा असतो. अब्बा जवानीत ट्रकवर क्लीनर होते, त्यामुळे डिझेल, ग्रीस आणि दुनियेची रीत या तीन विषयांत त्यांना कुणी शिकवलेलं चालत नाही. मी सांगितलं, तो इंग्रजांचा गॅलन, हा अमेरिकेचा. अब्बा म्हणाले, इंग्रज मोठा की अमेरिका मोठी? मी म्हणालो, अमेरिका. मग तिचा गॅलन बारका कसा आसंल, म्हणाले. मग मी फोनमध्ये आणखी खोल गेलो, आणि तिथंच फसलो. खुद्द अमेरिकेतच दोन गॅलन निघाले, एक पातळ पदार्थाचा आणि एक कोरड्या मालाचा. कोरडा चार लिटर चारशेचा. मैदा कोरडा असतो. आता तूच सांग, कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? (तो कोरडा गॅलन नुसता पुस्तकात उरलाय, स्वयंपाकात कुणी वापरत नाही, हे मला आता कळलंय. तू आधी लिहायला पाहिजे होतंस.) चार चारशे म्हणजे अब्बांच्या साडेचारला जाऊन भिडलं. अब्बांचा चेहरा असा उजळला की मीही साडेचारच धरले. सणासुदीच्या आठवड्यात बापाशी शंभर मिलिलिटरवरून भांडायला कुणाला वेळ असतो?

एवढ्यावर थांबलं असतं तरी केक वाचला असता. पण पुढं गर्दी होती, डबे घेऊन बायका उभ्या होत्या, आणि मी पीठ मोजायचं काम अब्बांवर सोपवून गल्ल्यावर गेलो. जाताना मी त्यांना तुझी सूचना वाचून दाखवली की माप भरलं की वरचं पीठ सुरीनं सपाट करायचं. अब्बा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सुरी त्यांच्यावरच उगारलीय. तुला आमच्या घरची रीत माहीत आहे. कोरड्या मापाला काठाच्या वर टोकदार शीग चढल्याशिवाय ते माप भरलं असं आम्ही मानत नाही. सपाट माप फक्त ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला देतात. अब्बांचं म्हणणं, इतक्या वर्षांनी बाईंच्या घरचा केक आपल्या भट्टीत आलाय, आणि त्याची शीग सुरीनं कापायची? हात झडतील. मी म्हणालो बरं, तुम्हाला ठीक वाटेल ते करा. ही माझी चूक, मी मान्य करतो, पुढं जातो.

आणि अब्बा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'बरकत' म्हणतात. मार्केट यार्डात कानिफनाथ आडते 'लाभ' म्हणून मोजायला सुरुवात करतात, तेच हे. एरवी बरकत म्हणजेच एक, तिच्यापुढं थेट दोन. पण त्या दिवशी अब्बांना भरून आलं. (हे त्यांनी नंतर कबूल केलं, भिंतीकडे बघून.) त्यांनी बरकतीचं माप वेगळंच धरलं आणि तिच्यानंतर पुन्हा 'एक' पासून सुरू केलं. म्हणजे बरकत, मग शिगोशीग चार, मग अर्धं, तेही शिगेचं. शिवाय प्रत्येक माप फळीवर आपटून आपटून, पीठ खाली बसेल तेवढं बसवून, पुन्हा वर शीग. तुझ्या एका गॅलनात किती मैदा गेला हे मी नंतर काट्यावर काढायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

पीठ कालवताना मशीन कण्हायला लागलं. मी हात घातला तर मिश्रण केकचं नव्हतं, पराठ्याचं होतं. माझा हात म्हणत होता ताक घाल, शबनम म्हणत होती दूध घाला, आणि तुझा मेसेज म्हणत होता अंदाज अजिबात नको. मी शबनमला मेसेज दाखवला. ती म्हणाली, मोनिका शिकलेली आहे, नर्स आहे, इंजेक्शनात थेंब मोजते, ती चुकणार नाही. मलाही ते पटलं. म्हटलं, अमेरिकेची चाल असेल, भट्टीत गेल्यावर फुलेल. भट्टीत तो फुलला नाही. गेला तसा बाहेर आला, फक्त लाल होऊन. मी वरून टिचकी मारली तर केकचा आवाज डब्यासारखाच आला. तरी वास फक्कड होता गं, खोटं नाही बोलत. व्हॅनिलाचे दोन औंस मी स्वतः मोजले होते.

आता जे लिहायचंय ते लिहायला हात वळत नाही, म्हणून मगाशी उगाच बरण्या पुसून आलो. बाईंच्या घरी भगिनी मंडळ करंज्या भरायला बसलं होतं, रात्रीच्या कॅरोलवाल्या पोरांसाठी. मी केक नेला. बाईंना म्हणालो, मोनिकानं पाठवलाय, म्हणजे मी केलाय, पण माप सगळं तिचं आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं, केककडे बघितलं नाही. ठेव तिथं, म्हणाल्या, आणि करंजीची कड दुमडत राहिल्या. मी ठेवला आणि निघालोच होतो, पण मंडळातल्या मार्थाबाईंना धीर कुठला. (त्या अजून तशाच आहेत. दुसऱ्याच्या घरचं झाकण उघडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.) त्यांनी सुरी घेतली, केकमध्ये घातली, आणि सुरी तिथंच उभी राहिली. दोघींनी मिळून ती बाहेर काढली. मग त्यांनी डबा जमिनीवर ठेवून वरवंट्यानं कोपरा फोडला. हशा पिकला. कुणीतरी विचारलं, अमेरिकेत दात वेगळे असतात काय. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आपल्या बेकरीचं नाव आणि अब्बांची त्यात गेलेली हयात डोळ्यांपुढं आली, आणि मी बोलून गेलो की रेसिपी मोनिकाची आहे, जशीच्या तशी केलीय, माझा त्यात कणभरही अंदाज नाही.

मोनिका, मला माफ कर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर शेजाऱ्याचं अंगण वाकडं म्हटलं. तुझं नाव घेऊन गेलो होतो तुला आत घ्यायला, आणि तिथं उभं राहून तेच नाव पुढं करून स्वतः मागं लपलो. मार्थाबाईंना आयतंच सापडलं. त्या म्हणाल्या, पोरीला नवरा हुडकायला वेळ मिळाला, चूल शिकायला मिळाला नाही. आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, आईच्या हाताखाली राहिली असती तर हे झालं नसतं. मला वाटलं, गेलं. आता दार किलकिलं व्हायचं राहिलं बाजूला, वरून कडी बसली.

बाईंनी हातातली करंजी ताटात ठेवली. पदराला हात पुसले. फोडलेल्या केकचा एक खडा उचलला, चहात बुडवला, आणि चावत राहिल्या. बराच वेळ चावला. गोड बघितलं, वास बघितला, मधला भाग बोटांनी चुरून बघितला, आपल्या वह्या तपासायच्या तशाच. मग मार्थाबाईंकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी मोनिका मापाला चुकायची नाही. काशिफ, पीठ कुणी मोजलं?"

तुझं नाव घेतलं गं. अख्ख्या भगिनी मंडळासमोर, 'माझी' लावून. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मला वाटतं ते मार्थाबाईंना केकच्या दुःखानं आलं असं वाटलं असणार. मी म्हणालो, अब्बांनी. बाई चपला घालून तशाच निघाल्या. मागून मी, माझ्यामागून केकचा डबा घेऊन शबनम (ती डबा परत न्यायला आली होती, म्हणे. खरं तर तमाशा बघायला आली होती).

भट्टीपाशी बाईंनी अब्बांना पुन्हा मोजायला लावलं, सगळ्यांच्या देखत. अब्बांनी माप आपटलं, शीग लावली, 'बरकत' म्हणाले. बाई म्हणाल्या, हे कितवं? अब्बा म्हणाले, ही बरकत. मग पुढचं माप भरून 'एक' म्हणाले. बाईंनी हात वर केला. शीग का लावली, विचारलं. अब्बा म्हणाले, मोनिकाचा माल हाय, सपाट कसा देऊ? बाई हळूच म्हणाल्या, "पीरमहंमदभाई, ताकाला शीग लावली होती का?" अब्बांनी विचार केला. मोठा केला. ताकाला शीग लागत नाही, हे त्यांनी मान्य केलं. बाई म्हणाल्या, मग पीठ वाढलं आणि ताक तेवढंच राहिलं, केक बसणार नाही तर काय करील? मला वाटलं अब्बा हरले. पण अब्बा शांतपणे म्हणाले, म्हंजी ताकाचं बी एक माप बरकतीचं घालायला हवं हुतं. बाईंनी डोक्याला हात लावला. पण हसल्या गं, तोंडावर पदर धरून.

मग दुसरा केक झाला. गॅलनाचा हिशेब बाईंनी स्वतः केला, तीन लिटर सातशे पंच्याऐंशी, आणि कोरड्या गॅलनाबद्दल मला असं काही सुनावलं की मी पुन्हा चौथीत जाऊन बाकाखाली बसलो. मैदा चाळला, मापात हलक्या हातानं भरला, वरून सुरी फिरवली. तेवढ्यापुरते अब्बा बाहेर जाऊन उभे राहिले, म्हणाले मला हे बघवत नाही. केक फुलला. डब्याच्या वर आला. नाताळच्या सकाळी बाई तो चर्चला घेऊन गेल्या आणि भक्तीची सभा सुटल्यावर दाराशी उभं राहून वाटला. कुणी विचारलं नाही तरी सांगत होत्या, मोनिकाचा केक आहे, घ्या. मी रस्त्याच्या पलीकडे पाववाल्याशी बोलायचं निमित्त करून सगळं बघितलं. एवढंच सांगायचं होतं. बाकी तू आपली तब्येत सांभाळ, दाजींना सलाम, मोठ्यांना आदाब, लहान कुणी असेल तर त्याचा पापा.

तुझा,
काशिफभाई

ता. क. मार्थाबाईंनी रेसिपी मागितली. बाई म्हणाल्या, विचारून सांगते. कुणाला विचारून, ते सांगितलं नाही. मार्थाबाईंना रात्रभर झोप लागली नसणार, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

ता. क. दुसरा. पहिला केक वाया गेला असं वाटून घेऊ नकोस. अब्बांनी त्याचे पातळ काप करून पुन्हा भट्टीत घातले, खरपूस टोस्ट झाले. आता गिऱ्हाईकं तेच मागतात आणि अब्बा सांगतात की हे बरकत घातल्याशिवाय होत नाहीत. मी पुन्हा तसा केक बिघडवायचा प्रयत्न केला, जमला नाही. तेव्हा तो मैदा नक्की किती गेला असेल, हे तुझ्या पद्धतीनं काढून कळव.

ता. क. तिसरा. खरं म्हणजे मी हे पत्र यासाठीच लिहायला घेतलं आणि सगळं सांगून शेवटी राहिलंच होतं. काल बाई दुकानात आल्या. तुझा कप नक्की केवढा, विचारत होत्या. मी तीन आकडे सांगितले, दोनशे सदतीस, दोनशे चाळीस, अडीचशे. त्या म्हणाल्या, आकडे नकोत, तिचा कप बघायचाय. मी म्हणालो, त्यात काय, कुरिअरनं मागवतो. बाई म्हणाल्या, "कुरिअरनं नको, फुटेल. हातानं घेऊन ये म्हणावं, दोघांनी मिळून." मी म्हणालो, बाई, तिकडचे मापाचे कप स्टीलचे असतात, ते फुटत नाहीत. बाई काचेतून टोस्टच्या बरणीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "तू लिही फुटतो म्हणून."

म्हणून लिहितो. मोनिका, कप फुटतो.